नरसंहार मातीच्या बाहुल्यांनी दाखवायचा?

सांजवात:
आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक सिनेमा दाखवतो. यंदा विषय कंबोडिया. ‘द किलिंग फील्ड्स’ (१९८४) सगळ्यांना चालतोय. मी कंबोडियन दिग्दर्शक रिथी पान्हचा ‘द मिसिंग पिक्चर’ (२०१३) सुचवला, तर एक काका उखडलेच. “पावणेचार वर्षांत १५-२० लाख माणसं गेली, आणि हा बाहुल्या मांडतोय?” काय सांगू त्यांना?

उंटावरचा शहाणा:
काकांचं बरोबर आहे. ‘किलिंग फील्ड्स’मधला हाइंग न्गोर नट नव्हताच, डॉक्टर होता. ख्मेर रूज, म्हणजे १९७५-७९ मधले तिथले कम्युनिस्ट सत्ताधारी, शिकलेल्यांना मारायचे, म्हणून त्याने ते लपवलं. बायको बाळंतपणात डोळ्यांदेखत गेली, तरी तोंड उघडता आलं नाही. तोच माणूस पडद्यावर आहे, ऑस्करही मिळालं. आणखी खरं काय हवं?

गर्दीवाला:
न्गोरबद्दल दुमत नाही. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या गर्दीकडे बघा. माझा धंदाच तो, शूटिंगला ज्युनिअर आर्टिस्ट पुरवायचा. दुष्काळाचा सीन असला की फोन येतो, “शंभर जण पाठव, हाडकुळे बघून.” हाडकुळे आणायचे कुठून? गालांवर काळं फासतात, फाटके कपडे देतात. जेवणाची सुट्टी झाली की हेच उपाशी लोक मटणाच्या रश्श्यासाठी भांडतात. त्यांना का नावं ठेवा? पण कॅमेऱ्यात ते पोट दिसतंच. आणि ‘किलिंग फील्ड्स’ काढला थायलंडमध्ये, कंबोडियात तेव्हा शूटिंग शक्य नव्हतं.

पान्हच्या बाहुल्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांएवढ्या, जागच्या हलत नाहीत. सुरुवातीला रंगीत कपड्यांत, मग सगळ्या काळ्या कपड्यांत, मग बरगड्या मोजाव्यात अशा. माती हवी तितकी वाळवता येते, माणूस नाही.

दुसरं म्हणजे, त्या काळचं चित्रण उरलंय ते बहुतेक मारणाऱ्यांनीच केलेलं. राबणारे शिस्तीत टोपल्या वाहतायत, त्यांचा म्होरक्या पोल पॉट टाळ्या घेतोय. तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटोही तुरुंगवाल्यांनीच काढलेले. पान्ह तेव्हा पोरगाच. बापाने अन्न नाकारून जीव सोडला, त्याचा फोटो कोण काढणार होतं? मग मातीचा बाप केला. त्या जागी कुणी मोठा नट आडवा पडला असता तर मी त्याची चिकटवलेली दाढीच बघत बसलो असतो. सवय हो, दुसरं काय.

उंटावरचा शहाणा:
मातीचा मुद्दा पटला. तरी मंडळी पेंगणार.

सांजवात:
मग आधी बाहुल्या, पुढच्या महिन्यात ‘किलिंग फील्ड्स’. काकांना हे सगळं वाचून दाखवते.

गर्दीवाला:
दाखवा. निवेदन फ्रेंच आहे, सबटायटल आधी तपासा. आणि मध्ये चहा ठेवू नका, लोक परत येत नाहीत.