गणिती कोडं सोडवायला कुठून सुरुवात करता? (अनुभव धागा)

कोड्यांची उत्तरं कुठेही सापडतात. सापडत नाही ती सोडवणाऱ्याची रीत: आधी काय मोजायचं, कागदावर काय मांडायचं, गाडी नेमकी कुठे अडते आणि का. या धाग्यात तेवढंच लिहा. एखादं कोडं घ्या, पूर्ण सोडवून दाखवा आणि हमखास होणारी चूक सांगा. ज्यांना आधी स्वतः डोकं लावायचं आहे त्यांनी प्रत्येक प्रतिसादाची पहिली दोन-तीन वाक्यं वाचून थांबावं.

*

बारा नाणी, त्यातलं एक खोटं. ते जड आहे की हलकं, माहीत नाही. साध्या तराजूवर तीनदाच तोलायचं आणि नाणंही सांगायचं, जड-हलकंही.

तराजूला हात लावण्याआधी शक्यता मोजा. बारांपैकी कोणतंही एक, जड किंवा हलकं, म्हणजे २४. तराजू दर वेळी तीनच उत्तरं देतो: डावं खाली, उजवं खाली, समतोल. तीनदा तोलून ३ × ३ × ३ = २७ प्रकार वेगळे करता येतात. २४ त्यात बसतात, पण जेमतेम. पहिल्यांदा तोलल्यावर कुठल्याही फांदीत ९ हून जास्त शक्यता उरल्या की डाव गेला, कारण उरलेल्या दोन खेपांत ९ च ओळखता येतात.

बहुतेक जण सहा-सहा ठेवतात. पारडं कुठेही झुको, १२ शक्यता उरतात. पाच-पाच ठेवली आणि झुकलं तर १०. तीन-तीन ठेवून समतोल आला तर बाहेरच्या सहा नाण्यांच्या १२. चार-चार ठेवली तरच ८, ८, ८ अशी वाटणी होते. म्हणजे पहिली खेप सुचावी लागत नाही, ती मोजून निघते.

समजा १, २, ३, ४ चं पारडं ५, ६, ७, ८ पेक्षा जड निघालं. आता डावीकडे १, २, ५ आणि उजवीकडे ३, ४, ६ ठेवा. डावं खाली गेलं तर १ किंवा २ जड, नाहीतर ६ हलकं. १ आणि २ समोरासमोर तोला. खाली जाईल ते खोटं, समतोल आला तर ६. उजवं खाली गेलं तर हेच ३, ४ आणि ५ बाबत. समतोल आला तर ७ आणि ८ तोला, वर जाईल ते हलकं. पहिल्याच खेपेला समतोल आला असेल तर ९, १०, ११ ही नाणी १, २, ३ शी तोला, कारण ती आता खरी ठरली आहेत. झुकलं तर जड की हलकं ते लगेच कळतं, मग ९ विरुद्ध १०. नाही झुकलं तर १२ खोटं, ते कुठल्याही खऱ्या नाण्याशी तोलून जड-हलकं ठरवा.

लोक अडतात ते दुसऱ्या खेपेला. संशयित नाणी पारड्यातून फक्त काढत राहतात, त्यांची बाजू बदलत नाहीत. काढल्यावर काय होतं तेवढंच मग कळतं. ३, ४ आणि ५ ची बाजू बदलल्यामुळेच वर तिसरी फांदी मिळाली.

*

वरच्याला जोड म्हणून: तेरा नाण्यांच्या शक्यता २६. सत्तावीसपेक्षा कमीच, तरी जमत नाही. चार-चार ठेवली तर बाहेर पाच नाणी, म्हणजे १० शक्यता. पाच-पाच ठेवली तर झुकल्यावर १०. नऊ कुठेच जमत नाहीत. पण हाताशी एक नक्की खरं नाणं दिलं, तर पाच विरुद्ध चार अधिक ते खरं असं तोलता येतं. झुकल्यास ९, समतोलास ८, आणि कोडं सुटतं. किंवा ‘फक्त नाणं दाखवा, जड-हलकं सांगू नका’ अशी अट असेल तरीही तेरा जमतात. म्हणून शेवटची अट दोनदा वाचावी.

*

अक्षरांची बेरीज: कक + खख = गकग. प्रत्येक अक्षराला वेगळा अंक, पहिला अंक शून्य नाही.

सगळ्यात डावा अंक आधी धरा. दोन दोन-अंकी संख्यांची बेरीज २०० च्या आतच, म्हणून ग = १. एकक स्थानी क + ख चा शेवटचा अंक १ हवा. क आणि ख दोन्ही शून्याहून मोठे, तेव्हा बेरीज १ असणार नाही, ती ११. मग पूर्ण बेरीज ११ × ११ = १२१, त्यामुळे क = २, ख = ९. ताळा: २२ + ९९ = १२१.

कोडी रचणारे इंग्रज लेखक हेन्री डुडनी यांनी १९२४ साली दिलेली ‘सेंड अधिक मोअर बरोबर मनी’ ही प्रसिद्ध बेरीज (९५६७ + १०८५ = १०६५२) अशीच डावीकडून उघडते. हातच्यांसाठी स्तंभांवर वेगळी ओळ ठेवा. हातचा मनात धरला की तो १ की ० हे दोन ओळींनंतर विसरतं. मराठीत कोडं रचणाऱ्यांनी ‘क’ आणि ‘का’ एकच चिन्ह की दोन, हे आधीच लिहावं. दहाहून जास्त चिन्हं झाली तर कोडंच अशक्य.

*

पूल, रात्र, एकच कंदील, एका वेळी दोघंच. कंदिलाशिवाय पूल ओलांडता येत नाही, आणि चौघांना कमीत कमी वेळात पलीकडे जायचंय. चौघांना लागणारा वेळ १, २, ५, १० मिनिटं. दोघांचा वेळ हळू चालणाऱ्याचा.

सर्वांत जलद माणसाने प्रत्येकाला पोचवायचं ही पहिली कल्पना: १० + १ + ५ + १ + २ = १९. त्याऐवजी १ आणि २ जातात (२), १ परततो (१), ५ आणि १० एकत्र जातात (१०), २ परततो (२), १ आणि २ जातात (२). एकूण १७.

मात्र ही युक्ती पाठ करू नका. दुसऱ्याच्या वेळेची दुप्पट, पहिला अधिक तिसरा यांच्या बेरजेहून कमी असेल तरच ती फायद्याची. इथे ४ विरुद्ध ६. वेळ १, ४, ५, १० असतील तर ८ विरुद्ध ६: पोचवण्याची पद्धत २१ मिनिटं, जोडीची २३.

*

गणितज्ञ द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या मुलांसमोर मांडताना एक गोष्ट सांभाळा. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. पण २१११ घेतलं की २१११ − १११२ = ९९९, आणि मूल ते तीनच अंकी धरतं; ९९९ − ९९९ = ०, सगळं संपलं. ०९९९ लिहायला लावा: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत यायला हवी. नाही आली तर चूक तिथेच.

*

खरं-खोटं बोलणाऱ्यांची कोडी: अ आणि ब, प्रत्येक जण एकतर नेहमी खरं बोलतो नाहीतर नेहमी खोटं. अ म्हणतो, ‘आम्ही दोघंही खोटारडे.’ खरं बोलणारा असं म्हणणार नाही, म्हणून अ खोटारडा. त्याचं वाक्य खोटं, म्हणून ‘दोघंही खरे’ असं लोक लिहून टाकतात. ‘दोघंही खोटारडे’ याच्या उलट ‘निदान एक खरा’ एवढंच होतं. तो एक म्हणजे ब.

दोन दारं, त्यातलं एकच सुटकेचं, आणि दोन पहारेकरी, एक खरा नि एक खोटारडा, असं कोडं असेल तर दुसऱ्या पहारेकऱ्याची गरजही नाही. एकालाच विचारा: ‘हे दार सुटकेचं का, असं मी तुला विचारलं तर तू हो म्हणशील का?’ खोटारडा स्वतःच्या खोट्याबद्दल पुन्हा खोटं बोलतो, त्यामुळे दोघांचंही उत्तर खरं ठरतं.

*

बुद्धिबळाच्या पटाचे तिरके समोरासमोरचे दोन कोपरे (एकेक घर) कापले. उरलेली ६२ घरं दोन-दोन घरांच्या ३१ पट्ट्यांनी झाकता येतील? पट्ट्या लावत बसू नका, रंग मोजा. दोन्ही कोपरे एकाच रंगाचे, त्यामुळे ३२ आणि ३० उरतात. प्रत्येक पट्टी दोन्ही रंगांचं एकेक घर घेते. अशक्य.

एक काळं आणि एक पांढरं घर काढलं तर मात्र ते कुठूनही काढा, जमतंच. अमेरिकन गणितज्ञ राल्फ गोमोरी यांची सिद्धता: चौसष्ट घरांतून जाणारी एक बंद वाट आखा. दोन घरं काढल्यावर तिचे तुकडे सम लांबीचेच उरतात आणि पट्ट्या ओळीने बसत जातात. दोन काळी आणि दोन पांढरी काढली तर ही हमी राहत नाही. एखाद्या कोपऱ्याच्या शेजारची दोन्ही घरं गेली की त्या कोपऱ्यावर कुठलीच पट्टी बसत नाही, रंगांची संख्या सारखी असली तरी.