शब्दचर्चा : ‘सिरियस ख्रिश्चन’ला मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ : नाशिकला शरणपूर रोडच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) दृढीकरण (कन्फर्मेशन) वर्गासाठी दोन पानी पत्रक मराठीत करायचं आहे. मुलं तेरा-चौदा वर्षांची. शीर्षक सध्या ‘आपल्या विश्वासाबद्दल गंभीर असणे’ असं आहे. ते कानाला खटकतं. ‘कट्टर’ नको, आणि ‘निष्ठावंत’ म्हटलं की पक्षाचा कार्यकर्ता डोळ्यांपुढे येतो. काय सुचवाल?

जुनी पेठ : खटकणारच. मराठीत चेहरा गंभीर असतो, गुन्हा गंभीर असतो, आणि दवाखान्याबाहेर ‘पेशंट गंभीर आहे’ म्हणतात. एखादी गोष्ट आपण ‘मनावर घेतो’. अभ्यास मनावर घेतला, लग्नाचं मनावर घ्या, तसाच विश्वास मनावर घेतला. यात निर्णय आहे, आणि त्यानंतर माणूस कामाला लागला हेही आहे. तेरा वर्षांच्या मुलाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

ओवी : शीर्षकाला ‘मनावर घेणे’ चांगलं. पण आतल्या मजकुरात मुख्य शब्द ‘विश्वासू’ ठेवा, असा माझा आग्रह आहे. विश्वास ठेवतो तो विश्वासणारा, ज्याच्यावर विसंबता येतं तो विश्वासू. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, पिस्तोस. मराठी बायबलने तो प्रसंगानुसार वाटून दिला : देव ‘विश्वसनीय’ (1 करिंथ 10:13), दास ‘विश्वासू’ (मत्तय 25:21). हल्ली हिंदी गीतांमधून ‘विश्वासी’ (विश्वासणारा) आणि ‘विश्वासयोग्य’ (विश्वासू) मराठीत येतात आणि मुलं ‘विश्वासी’ व ‘विश्वासू’ एकच समजतात. पत्रकात हा फरक एका ओळीत सांगाच. दृढीकरणाचा सगळा मुद्दा तिथेच आहे : विश्वासणारा तर आहेस, आता विश्वासू हो.

जुन्या कराराच्या हिब्रूत हे आणखी स्पष्ट दिसतं. निर्गम 17 मध्ये अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात भरून येतात. त्याला धोंड्यावर बसवतात, अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या ‘स्थिर’साठी मूळ शब्द एमूना, म्हणजे पुढे ‘विश्वास’, ‘विश्वासूपणा’ यांसाठी येतो तोच. ‘आमेन’ही त्याच धातूचा. दुखणारे हात खाली न येऊ देणं हा त्याचा अर्थ आहे, आणि ते एकट्याने होत नाही, हेही त्या चित्रातच आहे. मुलांना हे चित्र काढून दाखवता येईल.

गोदाकाठ : एमूना घेतलं. ‘शरण जाणे’ कसं वाटतं? शरणपूरच्या मुलांना जवळचं वाटेल.

जुनी पेठ : जवळचं आहे, पण जपून. 1854 साली मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीच्या नावात ‘शरण’ म्हणजे आसरा. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. वर्तमानपत्रात मात्र ‘आरोपी पोलिसांना शरण आला’ असतं, आणि मुलांच्या कानावर तेच रोज पडतं. वापरायचं तर ‘ख्रिस्ताच्या आसऱ्याला येणे’ असं फोडून लिहा.

व्याकरणवही : क्रियापदांची विभक्ती सांभाळा, पत्रकं तिथेच बिघडतात. विश्वास ख्रिस्तावर ठेवायचा, अनुसरायचं ख्रिस्ताला, वाहून घ्यायचं सेवेला. ‘सेवेसाठी वाहून गेला’ असं लिहिलेलं मी छापलेलं पाहिलं आहे. दर पावसाळ्यात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघणाऱ्या नाशिकमध्ये ‘वाहून जाणे’ म्हणजे काय, हे सांगायला नको.

‘वचन’ही दुहेरी आहे. मंडळीत ‘वचन वाचूया’ म्हणजे शास्त्रपाठ, बाहेर ‘वचन दिलं’ म्हणजे शब्द दिला. दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात आले तर पहिल्यासाठी ‘देवाचे वचन’ लिहा, दुसऱ्यासाठी ‘शब्द देणे’.

ओवी : आणि ‘दृढीकरण’ शब्द न उलगडता सोडू नका. दृढ म्हणजे पक्कं. क्रम असा लिहा : बालपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी तुझ्या वतीने शब्द दिला, आता तोच शब्द तू मंडळीसमोर आपल्या तोंडाने देतोस, मग बिशप डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतात. पक्कं करणारा देव आहे, मूल नव्हे. ‘मी स्वतःला दृढ करतो’ असं वाक्य मसुद्यात असेल तर काढून टाका. वर्गात मुलं बहुतेक याच ठिकाणी चुकतात आणि पुढे प्रार्थनेत मन लागलं नाही की आपलं दृढीकरण वाया गेलं असं समजून बसतात.

गोदाकाठ : होतं ते वाक्य, काढलं. शीर्षक आता ‘विश्वास मनावर घेताना’. पहिली ओळ : ‘तुझ्या वतीने दिलेला शब्द आता तुझा होतो आहे.’

व्याकरणवही : ‘होतो आहे’ऐवजी ‘होणार आहे’ करा. पत्रक वर्गाच्या पहिल्या दिवशी हातात पडतं, विधी नंतर आहे.