व्हेअर ईगल्स डेअर : असा पिच्चर नेमका कशावर मोजायचा?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. गेल्या रविवारी घरात एक वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. आमचे नाना, म्हणजे वडील, भुसावळला रेल्वेत होते. तरुणपणी ट्रेनिंगला मुंबईला असताना त्यांनी हा पिच्चर (दुसरं महायुद्ध, जर्मनांच्या डोंगरावरच्या किल्ल्यात पकडून ठेवलेल्या जनरलला सोडवायला इंग्रजांची कमांडो टोळी जाते ती गोष्ट) थेटरात पाहिला आणि तेव्हापासून ती स्टोरी आम्हा भावंडांना जेवताना, गाडीत, लाईट गेली की अंगणात खाटेवर, इतक्या वेळा सांगितलीय की केबल कारच्या टपावरची मारामारी मला न पाहताच पाठ होती. आता भाचा सुट्टीला आलाय, पुण्याला इंजिनिअरिंग करतो, त्याने टीव्हीवर लावून दिला. बाहेर ४५ डिग्री, कूलर फुल्लवर, आणि समोर नुसता बर्फ. सुरुवातीला ते विमान डोंगरांमधून येतं आणि ड्रम वाजतो तेव्हा नाना खुर्चीत पुढे सरकून बसले, आणि दर पाच मिनिटांनी "आता पाय, आता पाय" (म्हणजे आता बघ) चालू.

किल्ल्यातली गोळीबारी सुरू झाली तसा भाचा म्हणाला, नाना दोन माणसं अख्खी पलटण आडवी करून राहिली आणि जर्मनांची एक गोळी नीट लागत नाही, आणि १९४४ च्या सुमाराला असलं हेलिकॉप्टर आलं कुठून. नाना काही बोलले नाहीत. शेवटपर्यंत बसले, पण "आता पाय" बंद झालं ते बंदच.

भाचा चुकीचं बोलला असं मला म्हणता येत नाही, आणि नानांचं पन्नास वर्षांचं प्रेम उगाच आहे असंही वाटत नाही. असा पिच्चर चांगला की वाईट हे तुम्ही कशावर ठरवता?

तापीकाठ

भाच्याचं बरोबर आहे भाऊ. ते हेलिकॉप्टर बेल ४७ आहे, ते पहिल्यांदा उडालंच डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. जर्मनांकडे हेलिकॉप्टर नव्हतंच असं नाही, फ्लेटनर कंपनीचं कोलिब्री नावाचं होतं, पण ते थोडीच बनली आणि दिसायलाही एकदम वेगळं.

माझा खरा आक्षेप मात्र दुसराच आहे. खरे कमांडो छापे याच्यापेक्षा जास्त थरारक आहेत. जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेतला व्हेमोर्कचा जड पाण्याचा (अणुसंशोधनाला लागतं ते) कारखाना घ्या, फेब्रुवारी १९४३. नऊ नॉर्वेजियन पोरं, कडाक्याच्या थंडीत खोल दरी उतरून नदी ओलांडून पलीकडचा कडा चढून आत घुसली, स्फोटकं लावली, काम फत्ते करून बाहेर पडली, आणि त्या रात्री कोणाकडूनही एक गोळी सुटली नाही. आत रात्रपाळीचा एक नॉर्वेजियन कामगार होता, त्याचा चष्मा सापडेना, युद्धात नवीन मिळणं मुश्किल, तर स्फोटाची वात पेटवायच्या आधी यांनी थांबून त्याला तो चष्मा शोधून दिला. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. हे खरं घडलेलं समोर असताना मशीनगनचा पाऊस कशाला पाहायचा?

वरणगाव_निवृत्त

मी इथल्या आयुध निर्माणीत नोकरी केली, आयुष्य काडतुसांमध्ये गेलं, त्यामुळे हा विषय माझ्या हाताचा आहे, जरा लांब लिहितो. ज्यांनी पिच्चर पाहिला नाही त्यांनी इथून पुढे वाचू नका, शेवट सांगणार आहे.

पहिले हिशोब. क्लिंट ईस्टवूडच्या दोन्ही हातात जी गन आहे ती एमपी ४० नावाची जर्मन मशीनगन, मॅगझिनमध्ये ३२ गोळ्या आणि वेग मिनिटाला साधारण ५००. म्हणजे घोडा दाबून धरला तर चार सेकंदात मॅगझिन रिकामं. आणि दोन्ही हातात गन धरल्यावर मॅगझिन बदलणार कोण? नुसत्या ३२ गोळ्यांचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या वर जातं, त्यांनी तिथे जेवढा फायर केला तेवढा माल पाठीवर घेऊन कोणी दोरावर चढू शकत नाही. मॅगझिन भरणं पण सोपं नाही, शेवटच्या गोळ्यांना स्प्रिंग इतकी कडक होते की अंगठा दुखतो, त्यासाठी सैनिकांना वेगळं लोडर दिलेलं असायचं. तेव्हा भाच्याला सांगा, मी कामावरचा माणूस म्हणून त्याच्या बाजूने सही करतो.

तरी हा पिच्चर मी आठ-दहा वेळा पाहिलाय आणि पुन्हा पाहीन. कारण गोळीबार हा त्याचा जीव नाहीच. जीव आहे त्या मोठ्या हॉलमधल्या सीनमध्ये. जर्मन अधिकारी बसलेत, पकडलेला तो जनरल बसलाय जो मुळात जनरलच नाही, आणि रिचर्ड बर्टन उभा राहून म्हणतो की मीच खरा जर्मनांचा माणूस आणि माझ्या टोळीतले हे तिघं, जे स्वतःला जर्मनांचे हेर म्हणवतात, ते तोतये. आपल्याच ईस्टवूडला तो हत्यार टाकायला लावतो. मग त्या तिघांना म्हणतो तुम्ही खरे असाल तर इंग्लंडमधल्या तुमच्या सगळ्या हेरांची नावं लिहा, माझ्या वहीतल्या यादीशी ताडून पाहू. ते जीव वाचवायला भराभरा लिहितात. आणि याची वही कोरी! सगळी नावं त्यांच्याच हाताने लिहून घेतली. तिथे कोणी धावत नाही, काही फुटत नाही, माणसं खुर्चीत बसलीत आणि बघणाऱ्याचा श्वास अडकतो. आपण लाल महालाचं, आग्र्याच्या सुटकेचं ऐकत मोठे झालेले लोक, आपल्याला कावा लगेच कळतो, नानांना त्या वयात ते भिडलं असेल तर नवल नाही.

आणि शेवट आठवा. विमानात खरा फितूर, मोहीम आखणाऱ्यांपैकीच एक कर्नल, स्टेन गन रोखतो, आणि बर्टन शांतपणे सांगतो की तिची फायरिंग पिन आधीच निकामी केलीय. एवढ्या दारूगोळ्यानंतर सगळ्यात भारी गन कोणती, तर जी सुटतच नाही ती. माझ्यासारख्याला हे फार आत लागतं, कारण पिनचा तो एवढासा टोकाचा भाग नसेल तर अख्खं हत्यार म्हणजे लोखंडाचा तुकडा, हे आम्ही रोज पाहिलंय. काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी कॅप ठोकलीच गेली नाही तर दारूला काय अर्थ.

म्हणून माझं मोजमाप असं की कावा स्वतःच्या हिशोबात बसतो का. इथे बसतो. कादंबरीकार अलिस्टर मॅकलीनने पटकथा स्वतः लिहिली ते जाणवतं. हां, दुसऱ्या भागात बसने पळतात तेव्हा तो हिशोब सुटतो, नुसते स्फोटावर स्फोट, तिथे मलाही लांबल्यासारखं होतं. पण केबल कार मात्र कॉम्प्युटरने केलेली नाही. स्टंटचं काम याकिमा कॅनट या माणसाने बसवलं, ज्याने १९५९ च्या बेन-हरमधली रथांची शर्यत बसवली होती. किल्ला पण खरा आहे, ऑस्ट्रियातला होहेनवेर्फेन. खऱ्या उंचीवर खरं माणूस लटकलंय हे डोळ्याला कळतं, ते आजच्या पोरांनाही कळेल.

धुळेकरीण

काका, वहीचा सीन मान्य, तो सोन्यासारखा आहे. पण मला हे पिच्चर मोजताना अजून एक गोष्ट लागते, माणसाला किंमत किती मोजावी लागते ती. त्या बाबतीत मॅकलीनच्याच गोष्टीवरचा १९६१ चा गन्स ऑफ नॅव्हरोन (जर्मनांच्या मोठ्या तोफा उडवायला निघालेल्या टोळीचा) मला वरचा वाटतो. तिथे पाय मोडलेल्या साथीदाराला मागे ठेवायचं असतं, आणि ग्रेगरी पेक त्याला मुद्दाम खोटा बेत सांगून ठेवतो, म्हणजे जर्मनांनी औषध देऊन बोलतं केलं तरी तो खोटंच सांगेल. मित्रालाच फसवलं. त्यावरून डेव्हिड निव्हन जो भांडतो ना पेकशी, ते भांडण मला त्या मोठ्या तोफांपेक्षा जास्त लक्षात राहिलं. निव्हन स्वतः युद्धात कमांडोंमध्ये होता, हॉलिवूड सोडून लढायला परत गेला होता, त्यामुळे त्याचा राग मला खोटा वाटत नाही. ईगल्समध्ये सुरुवातीलाच टोळीतल्या रेडिओवाल्याची मान मोडलेली सापडते, आणि त्याच्यासाठी कोणी दोन मिनिटं थांबत नाही. मला ते खुपतं.

आणि तापीकाठ दादा, त्या चष्म्याच्या गोष्टीबद्दल खरंच थँक्यू, मी घरी सगळ्यांना सांगितली.

तापीकाठ

वरणगावच्या काकांचं वाचून वहीचा सीन परत लावून पाहिला. मान्य करतो, तिथे एक गोळी सुटत नाही आणि तोच सगळ्यात ताणलेला भाग आहे, म्हणजे व्हेमोर्कमध्ये मला जे आवडतं तेच इथे आहे. हेलिकॉप्टरवरचा आक्षेप कायम.

केळीबाग_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांची पोस्ट काल रात्री जेवणं झाल्यावर नानांना मोठ्याने वाचून दाखवली. चार सेकंदात मॅगझिन रिकामं होतं म्हटल्यावर नाना म्हणाले, हे तर मला पण माहीत होतं रे, मी काय गोळ्या मोजायला गेलतो का. मग म्हणाले की मुंबईला पाहिला तेव्हा त्यांना इंग्रजी अर्धंच कळायचं, वहीचा सीन पहिल्या वेळी डोक्यावरून गेला, म्हणून पगारातले पैसे वाचवून दुसऱ्या आठवड्यात परत गेले, फक्त तेवढ्यासाठी. हे त्यांनी आम्हाला आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं, आम्ही केबल कारच ऐकत आलो.

भाचा ऐकत होता. त्याने मोबाईल ठेवला आणि विचारलं, नाना मग त्या वहीत काहीच नव्हतं हे तुम्हाला दुसऱ्यांदा पाहताना आधीच माहीत होतं, तरी मजा आली का? त्यावर दोघं जे बोलत बसले ते साडेअकरापर्यंत.

येत्या रविवारी नॅव्हरोन लावतोय. धुळेकरीण ताई, तो नानांसोबत बसून पाहताना एक अडचण, त्यात ते भांडण महत्त्वाचं म्हणता, तर हिंदी डबिंग किंवा निदान सबटायटल असलेली प्रिंट कुठे मिळते का ते सांगा.