निपुण, प्रगत, सेतू... उपक्रम भरपूर, पण शिकवायचं कधी?

पाटीपेन्सिल:
झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी, पट २७. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं, पायाभूत चाचण्या आल्या, कोरोनानंतर सेतू अभ्यास, मग पायाभूत वाचन-गणिताची निपुण मोहीम, आणि मार्च २०२५ ला निपुणचाच कृती कार्यक्रम. नावं बदलतात, काम तेच, कोणतं पोरगं अक्षरावर अडकलंय कोणतं शब्दावर ते बघायचं आणि तिथनं पुढं न्यायचं. मला हे पटतं बरं का. इयत्ता बाजूला ठेवून स्तराप्रमाणे गट पाडले तर पोरं खरंच हलतात. पण परवा सकाळी वाचनाचा गट बसवला आणि दहा मिनिटांत ग्रुपवर 'अत्यंत तातडीचे, १२ पर्यंत माहिती भरा', त्यात खिचडीचा तांदूळ मोजायचा, जोडीदार सर बीएलओ (निवडणुकीचं काम) म्हणून मतदार याद्या घेऊन गावात, म्हणजे चारही वर्ग माझ्याकडंच. दुपारी त्या माहितीची ऑनलाइन लिंक भरली. गट राहिला तो राहिलाच.

बांधावरचा:
सर राग मानू नका पण हे रडगाणं आम्ही दर मीटिंगला ऐकतो. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आमच्याकडं चावडी वाचन झालं, म्हणजे गावासमोर पोरांनी वाचून दाखवायचं, माझ्या पोरीनं घडाघडा वाचलं, टाळ्याबिळ्या पडल्या. घरी आल्यावर मी पेपरमधली एक ओळ पुढं केली तर गप्प. धडा पाठ होता! चौथीत आहे ती. चार वर्षांत रोज एक तास दिला असता तरी वाचायला लागली असती की.

मोजपट्टी:
मी काही वर्षं वाचन उपक्रमांचं काम केलंय म्हणून लिहितो. सगळं पाण्यात गेलं असं नाहीये. 'प्रथम' संस्थेच्या असर पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतली दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी मुलं २०२२ ला १६.३ टक्के होती, २०२४ ला २३.४. कोरोनाचा खड्डा भरून वर आलो आपण, आणि ते पायाभूत वाचनावर जोर दिल्यानंच, असं माझं मत. मोजलं नसतं तर बांधावरचा यांना वाटलं असतं पोरगी पास होतेय म्हणजे वाचतेय.

खडूवाली:
मोजायला ना नाही हो मोजपट्टी, पण मोजतं कोण? शिकवणारी मीच, स्तर ठरवणारी मीच आणि त्यावरनं ओरडा खाणारीही मीच. एका वर्षी मी ९ पोरं अक्षर स्तरावर खरी खरी दाखवली. शेजारच्या शाळेनं शून्य. साहेबांच्या व्हीसीत (व्हिडिओ मीटिंगमध्ये) उभं कुणाला केलं? मला. पुढच्या वेळी मी काय भरलं असेल ते सांगायला नको.

मोजपट्टी:
हे मान्य. असरमध्ये बाहेरचे स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला वाचायला देतात, त्यात मास्तरांचा हात नसतो. शाळेतही तसंच करा, दुसऱ्या केंद्रातला, म्हणजे दुसऱ्या शाळासमूहातला माणूस येऊ दे. पण मग संघटनाच आडव्या येतात हेही खरं बोला.

कोयता_गाव:
तुमची भांडणं चालू द्या, आमच्याकडं बीडला दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी ट्रॅक्टर भरतात. पट ३१, हजर १४. गावात राहिलेली आजीजवळ. गेलेली परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि अहवालात अध्ययन स्तर मात्र ३१ जणांचा पाहिजे. उसाच्या फडावर कोपीत (झोपडीत) पोरगं लहान भाऊ सांभाळतंय त्याचा स्तर मी फोनवर विचारू का?

सातपुडा:
+१. आणि आमच्या नंदुरबारच्या धडगावला पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. अक्षर जुळवून शब्द वाचतो पण अर्थ लागत नाही, तक्त्यात मात्र 'शब्द स्तर पूर्ण'. वेगळा विषय आहे, नंतर लिहीन.

पाटीपेन्सिल:
आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं मास्तरला देऊ नये असं लिहिलंय. म्हणजे बीएलओ कायद्यात बसतं, पण हे लिंकांचं काय? त्या 'शैक्षणिक'च धरतात, तिथंच मेख आहे. उपक्रम राबवणं म्हणजे उपक्रमाची माहिती देणं असं झालंय, फोटो तर जिओटॅगवाला पाहिजे.

बांधावरचा:
बरं, तुमचं सगळं ऐकलं. आता एक सरळ सांगा. तुमच्या स्वतःच्या शाळेत किती पोरं न अडखळता वाचतात? पोर्टलवरचं नको.

पाटीपेन्सिल:
दुसरी ते चौथी मिळून २१ पोरं. नवीन गोष्ट हातात दिली तर ९ वाचतात. पोर्टलवर १६ आहेत.
स्क्रीनशॉट काढू नका कुणी.