‘रिकव्हरी’ला मराठीत काय म्हणावे? आणि ‘पीअर’ला?

माशेलकरीण:
माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, सतरा वर्षे झाली. इथे गोव्यात आमच्यासारखी पाच-सहा घरे मिळून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देवळाच्या अग्रशाळेत बसतो. ज्यांना आजार आहे ते असतात, घरचेही असतात. त्याचे एक पानी पत्रक काढायचे आहे. इंग्रजी मसुद्यात ‘पीअर सपोर्ट’, म्हणजे तोच आजार असलेल्यांनी एकमेकांना दिलेला आधार, आणि ‘रिकव्हरी’ असे दोन शब्द आहेत आणि दोन्हींपाशी मी अडकले आहे. गेल्या खेपेला फळ्यावर ‘स्वयंसाहाय्य गट’ लिहिले, तर वाड्यावरच्या तीन बायका पासबुक घेऊन आल्या, कर्ज किती मिळते विचारायला. ‘रिकव्हरी’चे ‘पुनर्प्राप्ती’ केले, तर पतसंस्थेत काम करणारा माझा नवरा म्हणाला, ही वसुलीची नोटीस वाटते. वाचून माणूस यावा असे काही सुचवा.

कुळागर:
‘बरे होणे’. आजीलाही कळते. नवा शब्द कशाला?

माशेलकरीण:
काका, ‘बरा झाला’ म्हटले की घरात गोळ्या बंद होतात. आमच्याकडे दोनदा झाले. दुसऱ्या वेळी तो तीन दिवस जेवला नाही, अन्नात कोणी काही घातलेय म्हणून. आम्हाला म्हणायचे आहे ते वेगळे. आवाज अधूनमधून येतीलही, गोळ्या चालू असतील, पण माणूस आपला दिवस आपण चालवतो. बाजारात जातो, कोणाशी तरी भांडतो, पैसे जपून ठेवतो. याला एक शब्द हवा.

तत्सम:
‘पुनर्लाभ’ घ्या. आणि ‘पीअर सपोर्ट’ला ‘समानुभवी-आधार’. पहिल्यांदा अवघड वाटेल, पण ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हेही कोणीतरी घडवलेलेच शब्द आहेत. वापरला की रुळतो. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मोकळे होण्याने भाषा वाढत नाही.

पेडण्याची वाट:
‘समानुभवी-आधार’ वाचून माझी काकू अग्रशाळेत पाऊल टाकणार नाही. ती म्हणेल, हे शिकलेल्यांचे आहे.
‘सावरणे’ का नको? बाई पदर सावरते, होडी सावरते, माणूसही सावरतो. ते एकदाच घडून संपत नाही, पुन्हा पुन्हा करावे लागते. मला तर हा शब्द ‘संवरण’वरून आल्यासारखा वाटतो, म्हणजे आवरून धरणे.

तत्सम:
व्युत्पत्ती पटते. पण ‘सावरणे’ हे दुःखातून सावरणे झाले. नवरा गेला, सावरली. आजाराला ते पुरत नाही.

मांडवीकाठ:
मूळ आजाराच्या नावाकडेही बघा ना. पत्रकात ‘छिन्नमनस्कता’ लिहिणार का? लिहू नका, अशी हात जोडून विनंती. स्विस मनोविकारतज्ज्ञ ओयगेन ब्लॉइलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक धातूंवरून ‘स्किझोफ्रेनिया’ बनवला. त्यांना म्हणायचे होते की विचार, भावना यांची एकमेकांशी असलेली सांधणी सुटते. आपण त्याचे ‘छिन्न मन’ केले आणि लोक समजले की एका माणसात दोन माणसे असतात. सिनेमांनी उरलेले काम केले. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारले, तर निम्म्यांहून अधिक मुले ‘डबल पर्सनॅलिटी’च म्हणाली.
जपानमध्येही जुन्या नावाचा अर्थ ‘मन फाटण्याचा रोग’ असा होता. रुग्णांच्या कुटुंबांच्या संघटनेने १९९३ मध्ये नाव बदलण्याची मागणी केली आणि २००२ मध्ये ते बदलले. नवे नाव साधारण ‘एकत्र जुळण्यातला बिघाड’ अशा अर्थाचे. आधी सुमारे तिघांतल्या एकालाच त्याच्या आजाराचे नाव सांगितले जायचे, दोन-तीन वर्षांत ते प्रमाण दोनतृतीयांशांपर्यंत गेले. नाव तोंडाने उच्चारता येईल असे झाले, म्हणून डॉक्टर बोलू लागले.

तत्सम:
मग मराठीत ‘विसांधता’? सांधा सुटणे.

पेडण्याची वाट:
लोक हाडांच्या डॉक्टरकडे जातील.

अग्निहोत्रीण:
पुण्या-ठाण्याकडच्या गटांत आजार असलेल्याला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मी पुण्यात होते तेव्हा ऐकले आणि पहिल्या दिवसापासून आवडले. ‘रुग्ण’ म्हटले की खाट दिसते, ‘शुभार्थी’ म्हटले की माणूस दिसतो. ते शब्द इथे आणा.

माशेलकरीण:
ताई, ‘शुभार्थी’ मी घरी म्हणून बघितला. भाऊ म्हणाला, लग्नपत्रिकेत लिहितात तसला वाटतो. पण ‘पेशंट’ म्हटले तर रागावतो. ‘शुभंकर’ला आईची हरकत नाही.

कुळागर:
आमच्या लहानपणी एकच शब्द होता, ‘पिसो’, म्हणजे वेडा. मराठी शाळेत शिकलो तरी गल्लीत ‘पिसो’च. हा ‘पिशाच’वरून आला असे आमचे गुरुजी सांगत. अंगात कोणीतरी शिरले आहे, हा समज त्या शब्दातच बसला आहे.

मांडवीकाठ:
‘पिशाच’ असेलही. पण मराठीत संतांनी ‘पिसे’ देवाच्या ओढीलाही वापरला आहे. तिथे तो मानाचा आहे. सगळा दोष शब्दावर टाकू नये.

कुळागर:
मान्य. आमच्याकडे ‘आल्तिनो’ म्हटले तरी पुरायचे. तेव्हा मनोरुग्णालय पणजीत आल्तिनोवर होते आणि त्याला आबे फारियाचे नाव होते, तो संमोहन करणारा गोव्याचा पाद्री. आता बांबोळीला आहे. त्या फारियाचा पुतळा जुन्या सचिवालयाशेजारी आहे, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ मधला. बाई खाली कोसळतेय आणि तो हात पसरून उभा. पोर असताना वाटायचे, तो तिला शाप देतोय.

अग्निहोत्रीण:
कांदोळीचा फारिया म्हणत होता ते उलटेच आहे. संमोहनाच्या झोपेत झोपवणाऱ्याकडून कसला प्रवाह येत नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनातून घडते, असे त्याने दोनशे वर्षांपूर्वी मांडले. पुतळ्यात सगळी शक्ती त्याच्या बोटांत दिसते, ही गंमतच म्हणायची. पण ‘संमोहन’ आणि ‘मोहनिद्रा’ यांतला बरोबर शब्द कोणता?

तत्सम:
‘मोहनिद्रा’. ‘संमोहन’ ही क्रिया, ‘मोहनिद्रा’ ही अवस्था.

पेडण्याची वाट:
आपण माशेलकरीणबाईंचा प्रश्न सोडून कुठल्या कुठे गेलो. ‘पीअर’ राहिलाच.
गोवा, सातारा आणि तामिळनाडू इथे मिळून एक अभ्यास झाला होता. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, २८२ जण होते. त्यात गावातल्याच, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरी जाऊन मदत केली. त्यांना ‘कार्यकर्ता’ म्हणता येते. पण ‘पीअर’ म्हणजे ज्याला स्वतःला हा आजार आहे तो. ‘समदुःखी’ म्हणावे तर सगळे दुःखच होते. मला ‘सांगाती’ सुचतो. घाटावर हा शब्द अभंगात राहिला, आपल्याकडे जिवंत आहे. ‘म्हाका सांगात जाय’, मला सोबत हवी, असे माझी आई अजून म्हणते.

तत्सम:
‘सांगाती’ कोकणी वळणाचा होईल. पत्रक मराठी आहे ना?

कुळागर:
गोव्यातले मराठी असे वळण घेणारच. त्यात बिघडले काय?

वझर:
मी इथे सहसा लिहीत नाही. मला हा आजार बावीस वर्षे आहे.
डॉक्टर ‘भास’ म्हणतात, मी ‘आवाज’ म्हणतो. ‘भास’ म्हटले की समोरच्याने खोटे ठरवून टाकले असे वाटते, पुढे बोलावेसे वाटत नाही. असाच आजार असलेला पहिला माणूस मला मडगावात भेटला. त्याने विचारले, तुझे आवाज बाप्याचे की बायलेचे? डॉक्टरांनीही हेच विचारले होते, पण ते लिहून घेत होते. याने विचारले, पातळभाजीत पाव बुडवला आणि म्हणाला, माझे दोघे आहेत, दुपारी जास्त. माझा चहाचा हात गोळ्यांमुळे थरथरत होता. त्याने न बोलता बशी माझ्या कपाखाली सरकवली. त्याला काय म्हणायचे ते मला माहीत नाही. मी त्याला नावाने हाक मारतो.
‘सावरणे’ मात्र मला लागू पडत नाही. सावरतो तो पडता पडता. मी पडलो होतो, चांगली सहा वर्षे. मग उठून बसलो.

तत्सम:
‘उठून बसणे’... मला उत्तर सुचत नाही. ‘समानुभवी’ मी मागे घेतो, ‘पुनर्लाभ’ अजून नाही.

माशेलकरीण:
वझरबाब, रविवारी याल का? भावाला तुमचे लिहिलेले वाचून दाखवले. त्याने पुन्हा वाचायला सांगितले.
छापखान्यात शुक्रवारी द्यायचे आहे. तूर्त असे लिहिले आहे: ‘महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी चार वाजता, अग्रशाळेत. स्किझोफ्रेनिया असलेल्यांची आणि घरच्यांची बैठक. न बोलता नुसते बसले तरी चालेल. चहा आहे.’ ‘रिकव्हरी’ची ओळ कोरी ठेवली आहे.

कुळागर:
‘बैठक’ नको गे बाय. आमच्याकडे बैठक म्हटले की निरूपणाची समजतात.

पेडण्याची वाट:
‘मेळ’?