कोळंबी, लावणी, ग्राव: काजूच्या भाटीतले शब्द

सत्तरीकर: गोव्यातल्या आमच्या गावच्या काजूभाटीवर, म्हणजे काजूची फेणी गाळायच्या जागेवर, मराठीत लेख लिहितोय, वाचणारे बरेचसे पुण्याकडचे. ‘बोंडू (काजूची फळं) कोळंबीत तुडवतात’ असं लिहिलं, तर संपादक विचारतात, सुंगटांत, म्हणजे खायच्या कोळंबीत, कशाला? त्यांनी ‘मर्दनकुंड’ सुचवलंय. ठेवू?

भाटीशेजारी: अजिबात नको! औषधाचा कारखाना वाटतो. कोळंबी म्हणजे बोंडू तुडवायची खडकात कोरलेली किंवा चिऱ्यांनी बांधलेली उतरती जागा. एकदा एवढं सांगा आणि पुढे बिनधास्त कोळंबीच लिहा. रसाचं मात्र सांभाळा. पायांनी तुडवून निघतो तो आंबवायला जातो. चोथ्याची रास वेलीने आवळून वर धोंडा ठेवला की थेंबथेंब गळतो तो नीरो, ताजा प्यायचा. दोन्हींना ‘काजूचा रस’ म्हटलंत तर भाटीतलं निम्मं काम वाचकाला दिसणारच नाही.

सत्तरीकर: आणि लावणी? आपल्याकडे वाफ थंड होऊन उतरते ते भांडं. तिकडे एक तर भाताची, नाहीतर ढोलकीवरची.

शब्दखूळ: भाण आणि लावणी जोडीनेच आणा. भाण म्हणजे आंबवलेला रस उकळायचं भांडं, चुलीवर, पूर्वी मातीचं, आता बहुधा तांब्याचं. नळीच्या दुसऱ्या टोकाला लावणी, तिच्यावर सतत गार पाणी. मग कुणाला फड आठवणार नाही.

मला जास्त खटकतं ते ‘उर्राक म्हणजे पहिल्या धारेची’. घाटावर पहिल्या धारेची म्हणजे जळजळीत, एकाच उकळीत आधी उतरलेली. उर्राक ही पहिली अख्खी उकळी, म्हणून सौम्य: साधारण 15 ग्राव (दारूच्या कडकपणाचं माप). तीच आंबवलेल्या रसाबरोबर पुन्हा भाणात घालून उकळली की फेणी, 19-20 ग्राव. काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ही गल्लत छापून येतेच.

सत्तरीकर: ग्रावला ‘टक्के’ लिहू?

भाटीशेजारी: नको, आकडाच चुकेल. ग्राव हा पोर्तुगीज शब्द, अर्थ अंश. कार्तिए नावाच्या जुन्या मापातला. त्यात निव्वळ पाणीसुद्धा शून्यावर नाही, 10 च्या आसपास येतं.

शब्दखूळ: आणि संपादकांनी नीरोचं ‘नीरा’ केलं तर तेवढं परत फिरवा. नीरा माडाची, ताडाची. नीरो काजूचा.