मदत हवी आहे: धातूचा पुढचा दांडा वाकतो आणि मुळाशी सुटतो

नभचर
विमानाच्या मॉडेलच्या किटमधला पुढच्या चाकाचा प्लॅस्टिकचा दांडा लेचापेचा वाटला म्हणून मी धातूचे लँडिंग गिअर (चाकांचे दांडे) वेगळे विकत घेतले, आणि तरीही मॉडेल चाकांवर उभे केल्यापासून तीन दिवसांत पुढचा दांडा मागे झुकला. सरळ करायला गेलो तर तो मुळाशी सुटून हातात आला. पुन्हा चिकटवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटला. मॉडेल शनिवारी प्रदर्शनाला द्यायचे आहे आणि रंगकाम व डिकल (चिकटवायची चिन्हे) पूर्ण झाल्यामुळे ते उघडता येणार नाही. कोणता गोंद वापरावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

कानस
विमान कोणते, प्रमाण कोणते, नाकात वजन किती भरले आहे, आतापर्यंत कोणता गोंद वापरला आणि दांडा पितळेचा आहे की व्हाइट मेटलचा, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे. नखाने ओरखडा उमटतो का, ते पाहावे.

पितळप्रेमी
धातू कोणताही असला तरी माझे मत ठाम आहे: व्हाइट मेटल काढून टाका आणि पितळी दांडा बसवा. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथिलाचा मिश्रधातू; तो साच्यात सहज ओतता येतो म्हणून वापरतात, मजबूत असतो म्हणून नव्हे. माझी पितळी दांड्यांवरची मॉडेल अनेक वर्षे ताठ उभी आहेत.

पट्टीकार
धातूच्या भागांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आसनाचे फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याचे) पितळी पट्टे बसवण्याआधी ज्योतीवर किंचित लालसर होईपर्यंत तापवून थंड होऊ द्यावेत. पितळ नरम पडते आणि पट्टा आसनावर खऱ्या कापडासारखा बसतो. तसे न केल्यास तो दुमडलेल्या पत्र्यासारखा दिसतो.

नभचर
माझा प्रश्न पट्ट्यांचा नाही. विमान पी-३८ लाइटनिंग आहे, प्रमाण 1/48. नाकात 60 ग्रॅम शिशाचे छर्रे आहेत, कारण मॉडेल मागे कलंडून शेपटी टेकण्याचा धोका पत्करायचा नव्हता. दांडा करडा आहे आणि नखाने ओरखडा उमटतो. गोंद नेहमीचाच, बाकीचे किट ज्याने जोडले तोच प्लॅस्टिक सिमेंट.

कानस
मग सुटण्याचे कारण स्पष्ट आहे. प्लॅस्टिक सिमेंट स्वतः चिकटत नाही. तो पॉलिस्टायरिनचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. धातू विरघळत नाही, त्यामुळे तुमचा दांडा केवळ खाचेत अडकून उभा होता. धातू आणि प्लॅस्टिकसाठी सुपरग्लू किंवा दोन घटकांचा इपॉक्सी लागतो. सुपरग्लू ओढ सहन करतो, पण आडवा हिसका बसला की तडकतो, म्हणून भार घेणाऱ्या सांध्यासाठी इपॉक्सीच वापरावा. त्याआधी दांड्याचे टोक बारीक सँडपेपरने घासून साबणाच्या पाण्याने धुवावे आणि खाचेतला रंग व जुना सिमेंट खरवडून काढावा.

तारजोड
पितळप्रेमींशी मी सहमत नाही. किटचा मूळ दांडा जपून ठेवला असेल तर त्याच्या वरच्या टोकात पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) 0.8 मिलिमीटरचे छिद्र पाडून पियानो वायरचा, म्हणजे कडक पोलादी तारेचा, तुकडा बसवा आणि तिचे दुसरे टोक खाचेच्या तळात रुतवा. पोलादी तार त्याच जाडीच्या पितळी तारेपेक्षा कमी वाकते. नवा दांडा मागवायचा, त्याची वाट पाहायची आणि तो खाचेत बसेल की नाही हे नंतर कळणार, यापेक्षा हे एका संध्याकाळचे काम आहे.

पितळप्रेमी
तार वरच्या टोकाला आधार देते, पण प्लॅस्टिकचा दांडा मधोमध हळूहळू वाकतोच, हे मी दोनदा अनुभवले आहे.

कानस
तुम्हा दोघांच्याही उपायांत भार किती आहे हा प्रश्न राहून जातो. मुख्य चाकांवर तोल अचूक साधला असेल, तर पुढच्या दांड्यावर शून्य भार येतो. त्यापलीकडे नाकात भरलेला जवळजवळ प्रत्येक ग्रॅम तोच दांडा पेलतो, कारण या विमानात वजन त्याच्या अगदी वर असते. नभचर, मुख्य चाके वजनकाट्याइतक्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा, पुढचे चाक काट्यावर ठेवा आणि आकडा कळवा. धातूच्या मुख्य दांड्यांचे वजन तोलाच्या रेषेवरच येत असल्यामुळे त्याने शेपटी टेकणेही थांबत नाही.

नभचर
दांडा तात्पुरता टेकवून मोजले: 34 ग्रॅम.

कानस
पुढच्या चाकावर 5 ग्रॅम पुरेसे आहेत. चाकाच्या कप्प्याच्या छताला छिद्र पाडून छर्रे काढता येतील. वरून काही दिसणार नाही. छर्रे कशात बसवले आहेत?

नभचर
गेल्या वर्षी पांढऱ्या लाकडी गोंदात ओतले होते.

कानस
मग शनिवारची घाई नसती तरी ते काढायलाच हवे होते. बंद जागेत त्या गोंदामुळे शिसे गंजून पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि कालांतराने मॉडेलची शिवण उकलते. रेल्वेची मॉडेल करणाऱ्यांनी असे कितीतरी नमुने पाहिले आहेत. हातमोजे घाला, भुकटी फुंकू नका, ओल्या कापसाने टिपून घ्या. उरलेले छर्रे इपॉक्सीत पक्के करा.

तारजोड
आणि दांडा सरळ करताना एका दणक्यात वाकवू नका. व्हाइट मेटल त्याच जागी दोन-तीनदा वाकले की तुटते.

नभचर
छिद्रातून 29 ग्रॅम छर्रे निघाले. त्यांतल्या काहींवर खरोखरच पांढरा थर होता. काट्यावर आता 6 ग्रॅम येतात. मूळ प्लॅस्टिकचा दांडा डब्यात सापडला, त्यात तार बसवली आणि इपॉक्सीने जोडला. विमान काल रात्रीपासून उभे आहे आणि दांडा ताठ आहे. छिद्राचे झाकण आणि कप्प्याचा रंग आज रात्री करतो. पितळप्रेमी, मुख्य दांडे अजून व्हाइट मेटलचेच आहेत. प्रदर्शनानंतर तेही बदलावेत का, यावर तुमचे मत हवे आहे.